अस्वलाच्या नावाचा माग

बुलढाणा जिल्ह्याच्या मधून पूर्णेचे सपाट खोरे जाते. या खोऱ्याच्या दक्षिणेला अजिंठ्याच्या डोंगररांगेत ज्ञानगंगा अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर आहे. खोऱ्याच्या उत्तरेला संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे. दोन्ही जंगलांत अस्वले आहेत. उन्हाळ्यात मोह फुलला की फुले वेचायला माणसे पहाटे जंगलात शिरतात आणि तीच फुले खायला अस्वलही येते. त्यामुळे या भागातल्या मुलांना अस्वल केवळ चित्रातून माहीत असते असे नाही.

या मुलांपैकी कोणी वर्गात विचारले, ‘अस्वलाला अस्वल का म्हणतात?’ तर आपण काय उत्तर द्याल? बहुतेक वेळा आपण ‘तसे म्हणतातच’ एवढे सांगून पुढे जातो. पण या प्रश्नाला उत्तर आहे. ते शोधताना आपण बऱ्हाणपूरच्या बाजारापासून थेट रशियातल्या जंगलापर्यंत जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शब्दांचा इतिहास शोधण्याची एक शिस्तबद्ध पद्धत या वाटेवर आपल्या ओळखीची होते. पदार्थविज्ञानात जसे अनुमान काढून ते तपासतात, तसे इथेही करता येते.

माती आणि मिट्टी

सुरुवात घराजवळून करू. जळगाव जामोद किंवा संग्रामपूरहून सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. तिथे या प्राण्याला ‘रीछ’ किंवा ‘भालू’ म्हणतात. ‘अस्वल’ आणि ‘रीछ’ हे शब्द एकमेकांसारखे मुळीच दिसत नाहीत. तरीही ते एकाच शब्दापासून आले आहेत असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. हे कशाच्या आधारावर?

आधी अस्वल बाजूला ठेवून मराठी आणि हिंदीतले रोजचे काही शब्द शेजारी शेजारी मांडू.

पुसणे – पूछना
सुरी – छुरी
मासळी – मछली
वासरू – बछड़ा
साल – छाल
सहा – छह

हिंदीत जिथे ‘छ’ आहे तिथे मराठीत ‘स’ आहे. ‘शिंक – छींक’ यात मराठीत ‘श’ दिसतो, कारण पुढे ‘इ’ आहे. इकारापुढे मराठीतला हा ‘स’ बहुधा ‘श’ होतो. म्हणजे फरकालाही नियम आहे.

आता दुसरी यादी पाहू. संस्कृतमधल्या ‘ऋ’चे काय झाले, ते तिच्यात दिसते.

मृत्तिका: मराठी माती, हिंदी मिट्टी
पृष्ठ: मराठी पाठ, हिंदी पीठ
तृण: मराठी तण, हिंदी तिनका

या शब्दांत ‘ऋ’च्या जागी मराठीत ‘अ’ किंवा ‘आ’ आला आणि हिंदीत ‘इ’ किंवा ‘ई’ आली.

अस्वलाला संस्कृतमध्ये ‘ऋक्ष’ असा शब्द आहे. प्राकृतात त्याची ‘अच्छ’ आणि ‘रिच्छ’ अशी रूपे मिळतात. ‘रिच्छ’पासून हिंदीत ‘रीछ’ झाले. जुन्या मराठीतही ‘रीस’ असा शब्द होता. वरच्या यादीप्रमाणेच हिंदीच्या ‘छ’समोर मराठीचा ‘स’ आला. दुसऱ्या रूपातल्या, म्हणजे ‘अच्छ’मधल्या ‘च्छ’चाही मराठीत ‘स’ व्हायला हवा. तसा तो झालेला आहे. अस्वल या शब्दाची सुरुवातच त्याने होते.

मग पुढचे ‘वल’ कुठून आले? संस्कृतमध्ये अस्वलाला ‘भल्ल’ आणि ‘भल्लूक’ असेही शब्द आहेत. हिंदीतला ‘भालू’ त्यांच्यापासूनच आला. प्राकृतात ‘अच्छ’ आणि ‘भल्ल’ हे दोन्ही शब्द जोडून ‘अच्छभल्ल’ असा जोडशब्द वापरात होता. तो बोलता बोलता झिजत गेला. ‘च्छ’चा ‘स’ झाला, सांध्यातला ‘भ’ सैल होत ‘व’ झाला आणि आपले ‘अस्वल’ तयार झाले. इथे एखादा चिकित्सक विद्यार्थी शंका काढील, की ‘मच्छ’पासून ‘मासा’ होतो, तर इथे ‘आ’ का नाही? शब्द लांबला की मराठीत पहिला स्वर पुष्कळदा ऱ्हस्व होतो, हे त्याचे उत्तर. ‘नाक’ पण ‘नकटा’, हे आपण रोज बोलतोच.

म्हणजे ‘अस्वल’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘अस्वल-अस्वल’! यात विशेष नवल नाही. एकाच अर्थाचे दोन शब्द जोडण्याची आपल्याला हौसच आहे. धनदौलत, कागदपत्र, बाजारहाट, थट्टामस्करी हे सगळे त्याच जातीचे शब्द आहेत.

आकाशातले आणि डोंगरातले ऋक्ष

‘ऋक्ष’ हा शब्द किती जुना आहे? ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात मरुतांच्या वर्णनात तो अस्वल या अर्थाने येतो. पहिल्या मंडलात ‘ऋक्षाः’ हे रूप रात्री उंचावर दिसणाऱ्या आणि दिवसा नाहीशा होणाऱ्या ताऱ्यांसाठी आले आहे. शतपथ ब्राह्मणात तर सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत असत असे स्पष्ट सांगितले आहे. गंमत अशी, की त्याच तारकासमूहाला ग्रीक लोक ‘आर्क्टोस’ म्हणत आणि ग्रीकमध्ये त्याचा अर्थही अस्वल असाच आहे. हे तारे उत्तरेकडे दिसतात म्हणून उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशाला ‘आर्क्टिक’ हे नाव पडले. त्याच्या विरुद्ध बाजूचा म्हणून ‘अंटार्क्टिका’. भूगोलाच्या तासाला आपण ही दोन नावे घेतो, तेव्हा नकळत अस्वलाचेच नाव घेत असतो.

पुढे संस्कृतमध्ये ‘ऋक्ष’ म्हणजे कोणतेही नक्षत्र असाही अर्थ रूढ झाला. ताऱ्यांचा ‘ऋक्ष’ आणि प्राण्याचा ‘ऋक्ष’ हे मुळात एकच शब्द होते की दोन, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘ऋक्ष’ आणि ‘ऋषी’ या शब्दांतल्या साम्यामुळे सात अस्वलांचे सात ऋषी झाले असावेत, असा तर्क मॅक्स म्युल्लर यांनी केला होता. तर्क आकर्षक आहे, पण तो तर्क म्हणूनच सांगावा.

बुलढाण्याच्या शिक्षकांना जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट आहे. पुराणांतल्या सात कुलपर्वतांपैकी एकाचे नाव ‘ऋक्ष’ किंवा ‘ऋक्षवान’ असे आहे. तापी आणि पयोष्णी या नद्या ऋक्ष पर्वतातून उगम पावतात असे विष्णुपुराण सांगते. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा, असे अनेक अभ्यासक मानतात. महाभारतातल्या नलोपाख्यानात नळ दमयंतीला विदर्भाची वाट दाखवतो, तेव्हाही ऋक्षवान पर्वत आणि पयोष्णी यांची नावे येतात. ऋक्षवान म्हणजे ज्यात अस्वले आहेत तो. सातपुडा आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांना हे नाव ज्यांनी दिले, त्यांनी बहुधा तिथला प्राणी पाहूनच दिले असावे.

भावंडांची साक्ष

ग्रीक ‘आर्क्टोस’ आणि संस्कृत ‘ऋक्ष’ यांचे अर्थ जुळतात. पण केवळ अर्थ जुळला आणि ध्वनी थोडेफार सारखे वाटले, एवढ्यावर नाते मानायचे का? मुळीच नाही. ‘छ’ आणि ‘स’ यांच्या बाबतीत केले तेच इथेही करायला हवे. एकच जोडी पुरेशी नाही, जोड्यांची रांग हवी. संस्कृतमध्ये सुताराला ‘तक्षन्’ म्हणतात आणि ग्रीकमध्ये ‘टेक्टोन’. इथेही संस्कृतच्या ‘क्ष’समोर ग्रीकचा ‘क्ट’ आहे. ‘क्षिति’ म्हणजे वस्ती आणि ग्रीक ‘क्टिसिस’ म्हणजे वसवणे. पुन्हा तेच. रांग लागली की योगायोग ही शक्यता मागे पडते.

अस्वलाच्या शब्दाची आणखी भावंडे अशी आहेत: अवेस्ताच्या भाषेत ‘अरेश’, लॅटिनमध्ये ‘उर्सुस’, आर्मेनियनमध्ये ‘आर्ज’ आणि ब्रिटनमधल्या वेल्श भाषेत ‘आर्थ’. ही सर्व रूपे ज्या एका रूपापासून नियमाने काढता येतील, ते रूप भाषाशास्त्रज्ञ मांडतात. देवनागरीत ते साधारणपणे ‘*हृत्कोस’ असे लिहिता येईल. आधीच्या फुलीचा अर्थ असा, की हे रूप कुठेही लिहिलेले सापडलेले नाही; ते पुराव्यावरून मांडलेले आहे. ज्या भाषेतले ते मानले जाते तिला आद्य भारत-युरोपीय भाषा म्हणतात. ती बोलणाऱ्यांना लिपी नव्हती.

मग सुरुवातीचा हा ‘ह’ कुठून आला? संस्कृतमध्ये तो नाही, ग्रीकमध्ये नाही, लॅटिनमध्येही नाही. इथे या विद्येतली एक सुंदर कहाणी सांगायला हवी. स्वरांच्या बदलांचा हिशेब जुळवताना फर्दिनां द सोस्यूर या तरुण अभ्यासकाच्या लक्षात आले, की मूळ भाषेत काही असे ध्वनी असले पाहिजेत, जे पुढे सगळीकडून लुप्त झाले. त्याचा ग्रंथ १८७९ सालचा. तेव्हा त्याचे वय अवघे एकवीस-बावीस वर्षांचे होते. बहुतेकांनी ती कल्पना कागदावरची कसरत मानली. पुढे १९०६ सालापासून तुर्कस्तानात बोगाझक्योई येथे मातीच्या हजारो विटा सापडल्या. १९१५ साली बेडर्झिख ह्रोझ्नी यांनी दाखवले, की त्यांवरची हित्ती भाषा भारत-युरोपीय कुळातली आहे. १९२७ साली येझी कुरिलोविच यांनी लक्षात आणून दिले, की सोस्यूरने ज्या जागी हरवलेला ध्वनी मानला होता, तिथे हित्ती भाषेत खरोखरच ‘ह’सारखा ध्वनी लिहिलेला आहे.

त्याच हित्ती भाषेत ‘हर्तग्ग’ असा एका हिंस्र प्राण्याचा शब्द आहे आणि त्याचा अर्थ अस्वल असाच बहुतेक अभ्यासक करतात. त्यात ‘ह’ तर आहेच, शिवाय ‘त’ आधी आणि ‘क’च्या वर्गातला ध्वनी नंतर आहे. ग्रीकमध्ये हा क्रम उलटा, म्हणजे ‘क्ट’ असा झाला होता, हे त्यावरून कळले. अनुमान आधी आणि पुरावा मागाहून, असे इथे घडले. नेपच्यून ग्रहाचे स्थान आधी गणिताने काढले गेले आणि मग १८४६ साली तो दुर्बिणीतून दिसला, त्याच मालिकेत ही गोष्टही वर्गात सांगता येईल.

रिकामी जागा आणि मध खाणारा

आता एक अडचण. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन या स्लाव भाषा त्याच कुळातल्या आहेत. संस्कृतशी त्यांचे साम्य नियमबद्ध आहे. संस्कृतच्या ‘ध’समोर तिथे ‘द’ येतो आणि ‘भ’समोर ‘ब’ येतो. धूम म्हणजे रशियनमध्ये ‘दिम’, विधवा म्हणजे ‘व्दोवा’, भ्राता म्हणजे ‘ब्रात’. पण ‘ऋक्ष’चा वारस मात्र स्लाव भाषांत सापडत नाही. तिथल्या जंगलांत अस्वले भरपूर आहेत, फक्त त्यांचे जुने नाव नाही. त्या जागी वेगळाच शब्द आहे. रशियन ‘मेद्वेद’, चेक ‘मेद्व्येद’, युक्रेनियन ‘वेद्मिद’, पोलिश ‘न्येज्व्येच’. शेजारच्या हंगेरियन लोकांची भाषा वेगळ्या कुळातली आहे, पण त्यांनीही स्लाव लोकांकडून ‘मेद्वे’ हा शब्द उचलला.

या सर्वांवरून आद्य स्लाव भाषेतले रूप ‘*मेद्वेदि’ असे मांडले जाते. ही भाषाही लिहिली गेली नाही. स्लाव भाषेत लेखन सुरू झाले ते नवव्या शतकात, सिरिल आणि मेथोडियस या धर्मप्रचारक बंधूंच्या कार्यामुळे. आद्य भाषा त्याच्या आधीची.

‘मेद्वेदि’चा अर्थ काय? पुष्कळ रशियन माणसे सांगतात, की ‘मेद’ म्हणजे मध आणि ‘वेद’ म्हणजे जाणणे. म्हणून मध कुठे आहे हे जाणणारा तो मेद्वेद. आपल्यालाही हे पटकन पटते, कारण ‘विद्’ आणि ‘वेद’ आपल्या ओळखीचे आहेत. पण ही व्युत्पत्ती चुकीची आहे. स्लाव भाषांत दोन शब्द जोडताना सर्वसाधारणपणे मध्ये ‘ओ’ येतो. मधाचे पेय बनवणाऱ्याला रशियनमध्ये ‘मेदोवार’ म्हणतात. ‘मेद’ आणि ‘वेद’ जोडले असते, तर ‘मेदोवेद’सारखे काहीतरी व्हायला हवे होते.

खरा उलगडा मराठी व्याकरण शिकवणाऱ्या शिक्षकाला सर्वांत लवकर समजेल. मधासाठीचा मूळ शब्द उकारान्त होता. संस्कृतमध्ये ‘मधु’, लिथुआनियनमध्ये ‘मेदुस’. ‘खाणे’ या अर्थाचा संस्कृत धातू ‘अद्’. आपले ‘अन्न’ त्याच धातूपासून आले. लॅटिनमध्ये ‘एद्’, इंग्रजीतले ‘ईट’ त्याचेच भावंड आणि स्लावमध्ये ‘एद्’. आता ‘मेदु’ आणि ‘एद्’ जोडा. ‘उ’पुढे विजातीय स्वर आला की काय होते? मनु + अंतर = मन्वंतर. सु + अल्प = स्वल्प. तसेच मेदु + एद् = मेद्वेद्! ‘मेद्वेद’मधला ‘व’ हा ‘वेद’ शब्दातला नाही. सातवी-आठवीला आपण फळ्यावर शिकवतो त्या संधीतला तो ‘व’ आहे. मेद्वेद म्हणजे मध खाणारा.

संस्कृतमध्येही याच दोन घटकांपासून ‘मध्वद्’ असा शब्द झाला आणि तो ऋग्वेदात आहे. मात्र तिथे तो मधुर फळ खाणाऱ्या पक्ष्यांसाठी आला आहे, अस्वलासाठी नव्हे. एकाच घरातल्या दोन भावंडांनी वारशाने मिळालेल्या त्याच लाकडातून वेगवेगळ्या वस्तू कराव्यात, तसे हे झाले.

नाव का लपवले?

जुने नाव टाकून ‘मध खाणारा’ असे म्हणण्याची गरज का पडली? फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०६ साली याचे एक उत्तर सुचवले. ज्याची भीती वाटते त्याचे नाव घेऊ नये, घेतले तर तो समोर येतो, ही समजूत जगभर आढळते. उत्तरेकडच्या जंगलात शिकार करणाऱ्या लोकांनी अस्वलाचे नाव घेणे टाळले. आडून बोलताना वापरलेला शब्दच पुढे खरे नाव झाला आणि जुने नाव विसरले गेले.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून ‘जनावर’ किंवा ‘लांबडे’ म्हणणारी माणसे आपल्या गावांत आहेत. साप चावला असे न म्हणता ‘पान लागले’ म्हणत. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, ती वाढते. दुकानदार रात्री दुकान वाढवतो. सर्वांत बोलके उदाहरण ‘देवी’ या रोगाचे आहे. भयंकर रोगाला देवीचे नाव दिले आणि मराठीत तेच त्याचे नाव होऊन बसले. १९८० साली जगातून त्या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले, तेव्हाही आपण ‘देवीचे निर्मूलन’ असेच म्हटले. ‘मेद्वेद’चे झाले ते याच मार्गाने झाले असावे.

टोपणनावच खरे नाव झाले, की तेही घ्यायची भीती वाटू लागते आणि आणखी नवी नावे निघतात. रशियात ‘मेद्वेद’ऐवजी ‘मालक’ या अर्थाचा शब्द वापरत, लाडाने ‘मीशा’ही म्हणत. १९८० सालच्या मॉस्को ऑलिंपिकचे शुभचिन्ह असलेले अस्वल हे मीशाच होते. युक्रेनियनमध्ये ‘म’ आणि ‘व’ यांची अदलाबदल झाली, ती आपल्याकडे ‘नुकसान’चे ‘नुसकान’ होते तशी. पोलिशमध्ये ‘म’चा ‘न’ झाला. अशा मोडतोडीमागेही नाव लपवण्याचा हेतू असेल, असे काहींना वाटते.

इंग्रजी ‘बेअर’ आणि जर्मन ‘बेर’ या शब्दांचा अर्थही मुळात ‘तपकिरी’ असावा, असे बराच काळ मानले गेले. संस्कृत ‘बभ्रु’ म्हणजे तपकिरी, त्याच्या नात्यातला. काही अभ्यासक मात्र त्याचे मूळ ‘रानटी पशू’ या अर्थाच्या शब्दात शोधतात. हा वाद मिटलेला नाही. मेये यांच्या उत्तरालाही एक मर्यादा आहे. भीती हेच एकमेव कारण असेल, तर आपल्याकडचे अस्वल काही कमी धोक्याचे नाही, तरी ‘ऋक्ष’ टिकला. शब्द कसा बदलला हे ध्वनिनियमांवरून जितक्या खात्रीने सांगता येते, तितक्या खात्रीने तो का बदलला हे सांगता येत नाही. विद्यार्थ्यांपुढे हा भेद ठेवणे फार महत्त्वाचे आहे.

शास्त्रीय नावांतही तेच

जीवशास्त्राच्या तासाला एक छोटी भर घालता येईल. युरोपातल्या तपकिरी अस्वलाचे शास्त्रीय नाव ‘उर्सुस आर्क्टोस’. पहिला शब्द लॅटिन, दुसरा ग्रीक, आणि दोन्ही त्याच ‘*हृत्कोस’चे वंशज. म्हणजे पुन्हा ‘अस्वल-अस्वल’, आपल्या अच्छभल्लासारखेच.

ज्ञानगंगेतल्या अस्वलाचे शास्त्रीय नाव ‘मेलुर्सुस उर्सिनुस’. लांब वाकड्या नख्या आणि वरच्या जबड्यातले पुढचे मधले दोन दात नाहीत हे पाहून जॉर्ज शॉ यांनी १७९१ साली या प्राण्याला स्लॉथ या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याच्या वर्गात टाकले होते. इंग्रजीत त्याला अजूनही ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात ते त्यामुळे. दातांच्या त्या फटीतून तो वाळवी शोषून घेतो. १७९३ साली त्याला ‘मेलुर्सुस’ हे नाव मिळाले. ‘मेल’ म्हणजे मध. आद्य स्लावांनी जे लक्षण पाहून नाव दिले, तेच लक्षण शास्त्रज्ञांनाही महत्त्वाचे वाटले.

वर्गात काय करता येईल?

दोन सूचना आधी. पहिली: नुसते साम्य हा पुरावा नाही. ‘भल्ल’ आणि ‘बेअर’ सारखे वाटतात, पण त्यांचे नाते ठरवायला जोड्यांची रांग लागते. ‘अस्वल’ आणि ‘रीछ’ मुळीच सारखे दिसत नाहीत, तरी त्यांची पहिली अवयवे एकच आहेत. दुसरी: ‘मेद्वेद’ संस्कृतमधून निघाला असे समजू नये. संस्कृत ही रशियनची आई नव्हे, मोठी बहीण म्हणता येईल. दोघींची आई अलिखित आहे.

विद्यार्थ्यांना मराठी आणि हिंदीतल्या ‘स – छ’च्या आणखी जोड्या शोधायला सांगा. जी जोडी नियमात बसत नाही तीही लिहून ठेवायला सांगा. पुष्कळदा तो शब्द दुसऱ्या भाषेतून उसना आलेला असतो. घरात कोणते शब्द टाळले जातात आणि त्यांऐवजी काय म्हणतात, याची आजीकडून यादी आणायला सांगा.

सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांना याहून मोठे काम करता येईल. त्या वर्गांत कोरकू बोलणारी मुले आहेत. कोरकू ही मुंडा गटातली भाषा. संथाळी आणि मुंडारी या तिच्या बहिणी, आणि त्या दोन्हींत अस्वलाला ‘बाना’ म्हणतात. दक्षिणेकडे तेलुगूत ‘एलुगुबंटी’ आणि कन्नडमध्ये ‘करडी’ आहे, कारण ते कूळ द्राविडी आहे. यांतला एकही शब्द ‘ऋक्ष’चा अपभ्रंश नाही. कोरकू मुलाने अस्वलाला घरचा शब्द वापरला, तर तो अशुद्ध मराठी बोलत नसतो. तो वेगळ्या कुळाची साक्ष देत असतो. ‘असे म्हणू नकोस’ असे एका वाक्यात सांगितले, की ती साक्ष वर्गाबाहेर जाते आणि परत येत नाही.

जळगाव जामोद तालुक्यातल्या काही गावांत निहाली भाषा बोलली जाते. तिचे बोलणारे फार थोडे, दोन-अडीच हजारांच्या घरात आहेत. भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या मुंडा-द्राविडी खंडात तिची नोंद झाली. १९६२ साली कायपर यांनी तिचा तौलनिक अभ्यास केला. कोरकू, मराठी आणि इतर भाषांतले उसने शब्द बाजूला काढल्यावर तिच्यात जे उरते, ते कोणत्याही ज्ञात कुळाशी जुळत नाही.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. आद्य स्लाव भाषा लिहिली गेली नाही, तरी तिच्यातले अस्वल आपण शोधू शकलो, कारण रशियन, पोलिश, चेक अशा तिच्या लेकी आजही बोलत आहेत. ‘ऋक्ष’चे मूळ शोधता आले, कारण ग्रीक आणि हित्ती या त्याच्या बहिणींच्या भाषा कुणीतरी लिहून ठेवल्या. निहालीला अशी बहीणच सापडलेली नाही. तिच्या शब्दांचा माग काढायला तिच्या स्वतःच्या शब्दांखेरीज दुसरे साधन नाही. ते शब्द आज जळगाव जामोदच्या काही घरांत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. शाळेच्या वहीत अस्वलासाठी, मधासाठी, मोहासाठी वापरला जाणारा एकेक शब्द, सांगणाऱ्याच्या परवानगीने आणि ऐकला तसाच लिहून ठेवला, तर ते काम कोणत्याही विद्यापीठातल्या कामाइतकेच मोलाचे ठरेल. त्याला वही, पेन्सिल आणि ऐकण्याची तयारी एवढेच लागते.